सोन्याची निब आणि माझा जड हात

नाही, पण मी म्हणतो, सोनं लिहायला वापरायचंच कशाला? गळ्यात घाला, कानात घाला, लॉकरमध्ये ठेवून विसरून जा, कोण नाही म्हणतंय... पण लिहायला? म्हणजे जी वस्तू चोरीला जाईल म्हणून माणूस दहादा कुलूप ओढून बघतो, ती उघड्या खिशाला लावायची, वर ती कागदावर घासायची, आणि घासताना म्हणे हात हलका ठेवायचा. तुम्हाला सांगतो, सोन्याची निब ज्यानं शोधून काढली ना, त्याला सासरा नसणार. असता तर त्यानं आधी विचार केला असता. हे बघा, आत्ता तुमच्याशी बोलतोय तरी माझा हात खिशावरच आहे. हसू नका. का आहे ते कळेल तुम्हाला, आणि कळल्यावर तुम्हीही आपापला खिसा चाचपाल.

तर आमचे सासरे. नकाशाखात्यात होते. अख्खी नोकरी रेघा मारण्यात गेली. नदीची रेघ, रस्त्याची रेघ, हद्दीची रेघ. एक रेघ केसभर इकडची तिकडे झाली तर दोन गावांत डोकी फुटतील, असलं काम. त्यामुळे माणसाचा चेहरा बघायची सवयच नाही त्यांना, रेघ बघतात. रेघ बघून सांगतात, याची झोप झालेली नाही, हा काहीतरी लपवतोय, ह्याला पोरगी देऊ नका. मला कशी दिली ते मला आजतागायत कळलेलं नाही. बहुतेक त्या दिवशी माझ्या हातात पेन्सिल होती.

लोकांना लग्नात अंगठी मिळते. अंगठीचं किती बरं असतं, बोटात घातली की संपलं, ती काही दर वर्षी तुमची परीक्षा घेत नाही. मला मिळालं पेन. सासऱ्यांनी ते स्वतःच्या हातानं माझ्या खिशाला लावलं आणि हळूच म्हणाले... ते ओरडत नाहीत हो, तेच तर. ओरडणारा माणूस परवडला, हे कानाशी येऊन हळू बोलतात, म्हणाले, “निब सोन्याची आहे. सोनं लिहिणाऱ्याच्या हातानं घडतं. स्टीलसारखं कर्रकर्र करत नाही, कागदाशी हळू बोलतं. दाबायचं नाही. नुसतं पेनाचं वजन कागदावर सोडायचं. हात हलका ठेवा, जावईबापू.”

हात हलका ठेवा! आता माझं काम काय, ते ऐका. मी ट्रान्सपोर्ट कंपनीत पावत्या लिहितो. मालाच्या. एक पावती, खाली कार्बन, खाली दुसरी, परत कार्बन, खाली तिसरी. पहिली मालवाल्याला, दुसरी ड्रायव्हरला, तिसरी ऑफिसला. आणि आमचे हेडक्लार्क, त्यांना आम्ही पाठीमागे ‘तिसरी प्रत’च म्हणतो, कारण त्या माणसानं आयुष्यात पहिली प्रत बघितलेलीच नाही. पावती फाडली की सरळ तिसरी काढणार, उजेडाकडे धरणार आणि नाकातून बोलणार, “अहो, हे काय लिहिलंय का मुंगी चाललीय? दाबा. दाबून लिहा. जेवत नाही का घरी?” मग मी दाबतो. इतकी वर्षं दाबतोय. माझी सही टेबलाच्या लाकडावर उमटलेली आहे, पाहिजे तर येऊन बघा. भाजी आणायची यादी लिहिली तरी ती कागदाच्या मागून हाताला लागते. आमची ही तर म्हणते, “तुम्ही लिहीत नाही हो, खोदता.”

आणि अशा माणसाला सासरा सांगतो, हात हलका ठेवा, जावईबापू.

मी काय केलं, पेन फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दिलं. वर्षातून एकदा बाहेर काढायचं, सासऱ्यांच्या वाढदिवसाला. कारण त्या घराची रीतच तशी आहे. वाढदिवसाला बाकीच्यांकडे केक कापतात, इथे टेबलावर एक मोठा पांढरा कागद पसरतात. नकाशाचा कागद, हा एवढा. घरातल्या प्रत्येकानं आपापल्या पेनानं त्यावर एक ओळ लिहायची, आणि मग सासरे खुर्ची पुढे ओढून, डोळ्याला भिंग लावून, एकेकाची ओळ तपासणार. सासूबाई स्वैपाकघराच्या दारात उभ्या. सगळं घर श्वास धरून. भिंग सरकत सरकत तुमच्या ओळीवर येतं ना, तेव्हा डॉक्टर एक्स-रे उजेडाकडे धरून गप्प उभा राहिल्यासारखं होतं. आणि ते काही बोलत नाहीत. नुसतं “हं” म्हणतात. त्या ‘हं’वर मी पुढचं वर्षभर विचार करतो.

तर या वेळी वाढदिवस आठवड्यावर आला आणि ही मला म्हणाली, “अहो, गेल्या वर्षीची तुमची ओळ म्हणजे भ्यालेलं गांडूळ होतं. जरा सराव करा. पेन घेऊन जा ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत चार ओळी काढा.” आता ही बोलली म्हणून लगेच न्यायला नको होतं. पण नेलं. बायकोचं ऐकलं नाही तर ती रागावते आणि ऐकलं तर हे असं होतं, म्हणजे माणसानं करायचं काय?

सकाळची वेळ. दारात ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर बसलेला, तिसरी प्रत माझ्या डोक्यावर उभी, “आटपा, आटपा, गाडी जायचीय,” आणि माझं बॉलपेन... रोज तिथेच असतं हो, त्या दोरीला बांधलेलं. दोरी होती. पेन नव्हतं. मी ड्रॉवर उघडला, खिसे चाचपले, हॉर्न चालूच, तिसरी प्रत म्हणते, “अहो, ते काय खिशाला आहे ते? शोभेला लावलंय का?” आणि माझा हात गेला. मी नाही नेला, हात गेला. टोपण काढलं आणि पावती लिहायला घेतली. आणि वरून आवाज आला, “दाबा.”

मी दाबलं.

तुम्हाला सांगतो, स्टीलची निब असती ना, तर तिनं मला उलट उत्तर दिलं असतं. स्टील ताठ असतं. जरा जास्त दाबलं की ते कागदावर कुरकुरतं, बोटाला ढोसतं, म्हणतं, बस झालं, हो बाजूला. आपल्याला कळतं आणि आपण थांबतो. सोनं तसं नाही. सोनं ऐकून घेतं. तुम्ही दाबाल तेवढं लवतं, गप्प बसतं, मऊ मऊ लागतं हाताला, मला तर वाटलं, वा, काय सुंदर चाललंय... आणि त्याचं ते आतल्या आत मनाला लावून घेत असतं. मालाचं वजन लिहीपर्यंत ठीक होतं. ड्रायव्हरचं नाव लिहिताना रेघ जाड झाली. सही करताना एका रेघेच्या दोन झाल्या, मधे कोरडं. मी पेन उचलून बघितलं. निबेला मधोमध चीर असते ना, तिच्या दोन बाजू... चिमणीच्या पिल्लानं चोच उघडावी तशा. आ वासून माझ्याकडे बघत होत्या.

खरं सांगतो, मी खाली बसलो. आणि वर तिसरी प्रत उजेडाकडे धरून हेडक्लार्क म्हणतात, “वा! आज कसं स्पष्ट आलंय.”

घरी सांगितलं नाही. सांगणार कसं? हिनं एकदा नुसतं विचारलं, “झाला का सराव?” तर मी ताटात आणखी भात वाढून घेतला. जेवताना कानात आवाज यायचा, हात हलका ठेवा, जावईबापू. आंघोळ करताना यायचा. स्कूटरवर मागे कुणी बसलं नसताना यायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून तासाभराची सुट्टी काढली आणि पेनाच्या डॉक्टरांकडे गेलो. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली हे एवढंसं दुकान आहे त्यांचं, पेनं दुरुस्त करतात, सगळे त्यांना डॉक्टरच म्हणतात आणि त्यांनाही तेच वाटतं. गळ्यात भिंग, हाताला मोजे. मी पेन पुढे केलं. त्यांनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत पेनाकडे.

“कुणी केलं?”

“मित्रानं,” मी म्हणालो.

“मित्र काय करतो? दगड फोडतो?”

मी म्हटलं, पावत्या लिहितो. ते म्हणाले, “मित्राला सांगा, त्याला बघून मला वाईट वाटलं.” अहो, माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, सोनं सरळ होईल, पण वेळ लागेल, घाईनं केलं तर चीर मुळापर्यंत जाईल. मी म्हटलं, रविवारी वाढदिवस आहे. ते म्हणाले, “सोन्याचा?” मी म्हटलं, सासऱ्यांचा. तेव्हा कुठे त्यांनी मोजे काढले. खुर्ची पुढे केली. म्हणाले, “बसा. पाणी घ्या.”

तर त्यांनी तोड काढली. तेवढ्याच मापाची स्टीलची निब, वरून सोन्याचं पाणी चढवलेली, तात्पुरती बसवून देतो म्हणाले. मी म्हटलं, अहो, ते ओळखतील, त्यांना सोनं कागदाशी हळू बोलताना ऐकू येतं. डॉक्टर असे हसले... मग त्यांनी मला जे सांगितलं ना, ते ऐकून मला वाटलं मी इतकी वर्षं उगाच भीत होतो, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरलो. ते म्हणाले, “कागदाला सोनं कधी लागतच नाही. निबेच्या टोकाला बारीक मणी असतो, टणक धातूचा. सोन्याच्या निबेलाही तोच, चांगल्या स्टीलच्या निबेलाही तसाच. लिहितो तो मणी. झिजतो तो मणी. मणी नीट घासला तर स्टील लोण्यासारखं चालतं, वाईट घासला तर सोनंसुद्धा खिळ्यासारखं. सोनं वर बसून नुसती ऐट करतं.”

“मग फरकच नाही?”

“आहे ना. लवण्यात आहे. ही निब जशी लवायची तशी स्टीलची लवणार नाही. हात जरा जास्त पडला तर सोन्याची रेघ फुगते, हलका झाला तर बारीक होते, हाताच्या मनातलं सगळं कागदावर. स्टील काही सांगत नाही. एकसारखी रेघ. पण घाबरू नका, मी मणी असा घासून देतो की हा फरक लाखात एखाद्यालाच कळेल.”

आमच्या लग्नात, तुम्हाला सांगतो, मांडवभर लोक मला एकच गोष्ट सांगत होते. “नशीब काढलंत, सासरे लाखात एक आहेत.”

निब बसवून घेतली. घरी येऊन उजेडात बघितली तर नवीनच भानगड. सोन्याच्या निबेवर आकडा कोरलेला असतो, किती कॅरट ते. हिच्यावर नुसती वेलबुट्टी. भिंगाखाली वेलबुट्टी म्हणजे जंगल दिसणार. मग मी काय केलं, निबेवर शाई माखली. वाळली की परत माखली. लेप दिला हो लेप, दुखऱ्या गुडघ्याला देतात तसा. ही म्हणाली, “अहो, बोटं का निळी?” मी म्हटलं, सराव. ती म्हणाली, “कानही निळा आहे.” आता भीतीनं कान खाजवतो माणूस, त्याला काय करणार?

रविवार उजाडला. उजाडायचा थांबत नाही तो. टेबल, कागद, भिंग, दारात सासूबाई. आमच्या मुलीनं, चौथीत आहे ती, पेन्सिलीनं ओळ लिहिली, “हं.” हिनं लिहिली, “हं, ठीक.” माझी पाळी. हात असा कापत होता, मनात म्हटलं झालं, आता रेघ सगळं सांगणार. लिहिलं. आणि काय सांगू, ओळ सरळ! पोलिसांनी रांगेत उभी केल्यासारखी अक्षरं. स्टीलनं तोंडातून ब्र काढला नाही. सासरे वाकले. बराच वेळ वाकलेलेच. मग हात पुढे केला आणि हळूच म्हणाले, “पेन बघू.”

आजवर कधी पेन मागितलं नव्हतं हो. माझं पोट तळव्यात गेलं. त्यांनी पेन घेतलं, खिशातून रुमाल काढला आणि निब पुसायला लागले. पुसतायत. शाईचा लेप निघतोय. एका हातानं पुसतायत आणि दुसरा हात भिंगाकडे चाललाय. त्या वेळी देवानं मला विचारलं असतं, तुला काय पाहिजे, तर मी वीज जाऊ दे म्हटलं असतं. पण दिवस होता, विजेचा काय उपयोग?

हात भिंगापर्यंत गेला. भिंग उचललं. आणि त्यांनी ते... ड्रॉवरमध्ये ठेवलं. ड्रॉवर लावला. मग कागद ओढून लिहायला लागले.

आधी एक रेघ. थांबले. परत एक रेघ, लांब, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्याकडे बघत बसले. मग स्वतःचं नाव लिहिलं. सासूबाईंचं नाव लिहिलं. मग नदी काढली एक, तिला रस्ता, रस्त्याला पूल. थांबेचनात. आणि तेव्हा मी त्यांच्या हाताकडे बघितलं. इतकी वर्षं मी माझ्याच हाताकडे बघत होतो, भीतीत दुसऱ्याचा हात कोण बघतो? त्यांचा हात कापत होता. जरासाच. पण कापत होता. आणि खाली रेघ मात्र सरळ जात होती.

मी वर बघितलं तर सासूबाईंनी पदर तोंडाशी धरलेला. सासऱ्यांचं स्वतःचं पेन टेबलावर शेजारीच पडलं होतं, सोन्याची निब, त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना दिलेली. त्यानं लिहिलेली त्यांची ओळ कागदाच्या वरच्या कोपऱ्यात होती. आम्ही दर वर्षी ती सगळ्यात आधी लिहिलेली बघतो आणि कुणी वाचत नाही, तपासणाऱ्याची ओळ कोण तपासणार? मी वाचली. कुठे फुगलेली, कुठे तुटलेली, सगळी थरथर कागदावर. सोन्यानं एक गोष्ट पोटात ठेवली नव्हती. मला एकदम गलबलून आलं. हा माणूस दर वाढदिवसाला आमच्यापेक्षा आधी स्वतः परीक्षेला बसत होता आणि नापास होत होता, आणि आम्हाला कळू नये म्हणून भिंग आमच्यावर धरत होता.

“मुरली,” ते सगळ्यांना म्हणाले. “निब छान मुरली जावईबापूंची.” मग माझ्याकडे वळून, “मला द्याल? आणि माझं तुम्ही घ्या.”

आता तुम्ही सांगा, मी काय बोलणार होतो? बाबा, ते स्टील आहे? म्हणजे रेघ सरळ आली ती तुमच्या हातानं नाही, असं सगळ्या घरासमोर? ही अभिमानानं माझ्याकडे बघतेय, सासूबाई डोळे पुसतायत, आणि सासरे आपलं पेन, सासऱ्याच्या सासऱ्याचं, स्वतःच्या हातानं माझ्या खिशाला लावतायत. लावता लावता कानाशी आले आणि हळू, अगदी हळू म्हणाले, “जिन्याखालच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. मणी सुरेख घासलाय.”

माझा हात आपोआप खिशावर गेला.

“कुणाला सांगू नका,” ते म्हणाले. “मीही सांगणार नाही.” आणि चेहरा कसा होता सांगू? हमालानं वर्षानुवर्षांची पेटी डोक्यावरून उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवावी, आणि मान इकडेतिकडे वळवून बघावी, तसा. मोकळा. चार पायऱ्या उतरून आम्हाला पोचवायला आले, पोरीला हसवत होते. आणि फाटकाशी मला म्हणाले, जुन्याच आवाजात, “हात हलका ठेवा, जावईबापू.”

तर आता स्टील तिकडे मजेत आहे. सासरे रोज लिहितात म्हणे, गॅसवाल्याला चिठ्ठीसुद्धा. आणि इकडे? परवा डॉक्टरांचा फोन आला, “तुमच्या मित्राची निब सरळ झाली, घेऊन जा.” आणली. काय करणार, टाकून देऊ? म्हणजे एक सोनं होतं तेव्हा माझी ही दशा, आता दोन. एक या खिशात, एक त्या खिशात. कपाटात ठेवायची सोय नाही, सासरे कधी विचारतील नेम नाही, “मुरतेय का?” लिहायची सोय नाही, कारण सकाळी दहाला ऑफिसात डोक्यावर तिसरी प्रत उभी, “दाबा.” ऑफिसात शिरताना मी दोन्ही खिशांवर हात धरतो, लोकांना वाटतं हा नमस्कार करतोय.

म्हटलं, यातून सुटका एकच. सासऱ्यांना जशी झाली तशी. मुलगी मोठी होईल, तिला नवरा मिळेल, दोन्ही पेनं त्याच्या खिशाला लावायची आणि मोकळं व्हायचं. मग काल मी आरशासमोर उभा राहून सराव करत होतो, हळू आवाजात, “हात हलका ठेवा, जावईबापू...” तर मागे आमची कन्या, हातात पेन्सिल. मला म्हणाली, “बाबा, कुणाशी बोलताय?” म्हटलं, तुझ्या नवऱ्याशी. ती म्हणाली, “मी लग्नच करणार नाहीये.”

निब वाकली तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो हो. बसलोय मग. दोन्ही खिशांवर हात ठेवून.